स्लगसाठी आट्यांची नळी खरंच लागते का?

सरळनळी (धागाकर्ता)

बारा बोअरच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीतून (शॉटगनमधून) छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी, म्हणजे स्लग, मारायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: आटे (गोळीला फिरवणाऱ्या, आतल्या पिळदार खाचा) पाडलेली नळी घ्या, गुळगुळीत नळीत काही राम नाही. मला हे पटत नाही.

दाट रानात हरीण दिसतं ते तीस-चाळीस मीटरवर, फार तर साठ. तेवढ्या पल्ल्याला फॉस्टर स्लग पुरतो आणि तो बनलाच आहे साध्या नळीसाठी. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तो काढला: नाक भरीव, मागून पोकळ. वजन पुढे असल्यामुळे बॅडमिंटनचं फूल जसं आपोआप तोंड पुढे करून जातं, तसा तो जातो. स्वतःभोवती फिरायची गरजच नाही. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी भरीव गोळीच्या मागे डट्टा पक्का जोडून हेच साधलं होतं. तो डट्टा शेपटीचं काम करतो.

आणि आट्यांची नळी लावली की बंदूक एकाच कामाची उरते. त्या नळीतून छर्रे मारून बघा. गिरकी घेत निघतात, बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि कागदाच्या मधोमध मोकळी जागा राहते, बांगडीसारखी. पक्षी नेमका त्या बांगडीत बसला असेल तर उडून जाईल आणि तुम्ही बघत बसाल.

आटेबाज

असहमत.

"चाळीस मीटरवर दिसतं" हे ऐकायला बरं वाटतं. रान संपून शेत सुरू होतं तिथे हरीण शंभर मीटरवर उभं असतं आणि त्या क्षणी माणूस मोह आवरत नाही. तिथे तुमचं बॅडमिंटनचं फूल काय करतं ते सांगतो. २८ ग्रॅमचा फॉस्टर नळीतून सुटतो सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास वेगाने. शंभर मीटरपर्यंत तो तीनशेच्या घरात येतो. आकार म्हणजे बोथट खुंटा, हवा त्याला खाऊन टाकते. वेग असा घसरला की ऊर्जा निम्म्याहून कमी उरते. शिवाय वाटेत तो आवाजाच्या वेगाखाली उतरतो आणि तिथे डगमगतो. पन्नास मीटरवर झिरो केलेली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली) बंदूक शंभरवर पाच-सहा इंच खाली मारते, ते वेगळंच.

आट्यांच्या नळीतून सॅबो मारा. प्लास्टिकच्या कवचात बसवलेली अर्ध्या इंचाची सडसडीत गोळी, सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. कवच आटे पकडतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं. आट्यांचा पीळ २८ इंचांना एक फेरा असेल तर गोळी सेकंदाला आठशेहून जास्त फेरे घेते. दीडशे मीटरवरही ती कुठे लागणार हे मला माहीत असतं. जनावर जखमी होऊन झुडपात गेलं आणि अंधार पडला, तर ती रात्र कशी जाते हे ज्याने भोगलंय तो नळीच्या पैशांचा हिशेब मांडत नाही.

शंकासूर

भोळा प्रश्न. माझ्या स्लगवर तिरक्या खाचा आहेत. म्हणजे गोळीवरच आटे आहेत ना? मग साध्या नळीतूनही ती फिरणारच की.

मोजपट्टी

@शंकासूर, हा गैरसमज फार जुना आहे. त्या खाचांनी मिळणारी गिरकी इतकी मंद असते की तिच्या भरवशावर गोळी स्थिर राहत नाही. स्थिर राहते ती पुढच्या वजनामुळे. खाचा आहेत त्या चोकसाठी, म्हणजे नळीच्या टोकाच्या आवळलेल्या भागासाठी. अरुंद तोंडातून निघताना शिसं दाबलं जातं, त्याला सरकायला जागा लागते. तरीही फुल, म्हणजे फार आवळलेल्या चोकमधून स्लग मारू नका. नेम बिघडतो. सिलिंडर (अजिबात न आवळलेला) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (किंचित आवळलेला) ठेवा.

उलटा प्रकारही करू नका: साध्या नळीतून सॅबो. गोळी फिरत नाही, कवच नीट सुटत नाही आणि ती कोलांट्या खात जाते. कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर दिसते. सगळ्यांत महाग काडतुसाचा सगळ्यांत वाईट उपयोग.

रानवाट

आटेबाजांचं गणित बरोबर आहे, पण सॅबोचं एक काडतूस फॉस्टरच्या कित्येक पट महाग पडतं. परिणाम काय? माणूस मोसमाआधी तीन गोळ्या मारतो, "बसली" म्हणतो आणि पेटी जपून ठेवतो. माझ्या ओळखीचा एक जण साध्या नळीतून दर वर्षी पन्नास-साठ फॉस्टर मारतो. साठ मीटरच्या आत मी पैज त्याच्यावर लावेन.

अवांतर: "स्लग जड असतो, झुडूप कापत जातो" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, नाही जात. आम्ही फांद्यांच्या मागे पुठ्ठा लावून मारून पाहिलंय. फांदीला लागलेला स्लग तिरका होतोच.

आटेबाज

सराव कमी होतो, मान्य. तो आळस माणसाचा, नळीचा नाही.

आणि "बंदूक एकाच कामाची उरते" हेही अर्धंच खरं. पंप बंदुकीची नळी दोन मिनिटांत बदलते. छर्ऱ्यांना एक, स्लगला एक. अमेरिकेत ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा अशा सपाट राज्यांत हरणासाठी रायफलला वर्षानुवर्षं मनाई होती, कारण तिची गोळी फार लांब जाते. लोकांना बंदुकीतूनच रायफलचं काम करून घ्यायचं होतं, त्यातून आट्यांच्या नळीला एवढी मागणी आली. पुढे ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये सरळ बाजूंच्या (तोंडाशी निमुळती न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना वाट करून दिली.

मोजपट्टी

नळी बदलणारी बंदूक असेल तर एक मेख आहे. तशी नळी बंदुकीच्या पेटीत (नळी जिथे बसते त्या यंत्रणेच्या मधल्या भागात) किंचित हलते. दुर्बीण पेटीवर आणि गोळी नळीतून, म्हणजे दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणून स्लगच्या नळीवरच मागे निघालेली पट्टी असते, तिच्यावर दुर्बीण बसवतात.

पण तुम्ही दोघं आट्यांवरून भांडताय आणि मला दोष दुसरीकडे दिसतोय. साध्या नळीवर नेम धरायला काय असतं? टोकाला एक माशी, म्हणजे छोटा मणी. बस. मागचा नेम म्हणजे तुमचा डोळा. डोळ्यापासून माशी साधारण एक मीटरवर. गाल दस्त्यावर तीन मिलिमीटर वर टेकला तर पन्नास मीटरवर गोळी पंधरा सेंटिमीटर वर जाते. आणि माशी चार मिलिमीटर जाड असेल तर नव्वद मीटरवर ती छत्तीस सेंटिमीटर जागा झाकते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा जेमतेम वीस. म्हणजे जिथे मारायचं तेच दिसत नाही.

आट्यांची नळी घेणाऱ्याला तिच्यासोबत मागचा नेम किंवा दुर्बीण मिळते. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, लहान झाला की श्रेय आट्यांना जातं. त्यातलं निम्मं तरी त्या नेमाचं आहे. साध्या नळीवर तोच नेम बसवून मग तुलना करा.

सरळनळी (धागाकर्ता)

हे मला सुचलं नव्हतं. माझ्या बंदुकीवर माशीच आहे. "साध्या नळीत भागतं" म्हणणारा मी पन्नास मीटरवर हाताच्या पंज्याएवढा ग्रुप काढतो, कधी त्याहून मोठा. खापर स्लगवर फोडत होतो.

शंभर मीटरचं आटेबाजांचं म्हणणं मान्य. तिथे मी चाप ओढणार नाही. पण साठच्या आत माझं मत तेच.

रानवाट

आटे असलेला चोक कुणी वापरलाय का? साध्या नळीच्या टोकाला फिरवून बसवायचा. ना नवी नळी, ना मोठा खर्च.

आटेबाज

वापरलाय. दोन-तीन इंचांत गोळी जेवढी फिरायची तेवढी फिरते. काही बंदुकांत ग्रुप खरंच आवळला जातो, माझ्या बंदुकीत विशेष फरक पडला नाही. फॉस्टर मारले की खाचांत शिसं साचतं, ब्रशने घासून काढावं लागतं. पूर्ण आट्यांच्या नळीतून फॉस्टर मारणाऱ्यांनाही हाच ताप.

@सरळनळी, साठच्या आत मी भांडत नाही. पण पल्ला आधी मोजून ठेवा. संध्याकाळच्या उजेडात नव्वद मीटरही साठ वाटतात, माझे वाटले होते.

शंकासूर

आत्ता पट्टी घेऊन माझी माशी मोजली. पाच मिलिमीटर. म्हणजे नव्वद मीटरवर पंचेचाळीस सेंटिमीटर. गेल्या मोसमात मी त्या अंतरावर दोनदा मारलं, दोन्ही वेळा "वाऱ्याने नेली" असं सगळ्यांना सांगितलं. मागचा नेम कुठला बसवू ते सांगा, नळीला भोकं न पाडता बसेल असा.