मदत हवी आहे: आईच्या फुप्फुसात गुठळ्या, गोळ्या चालू आहेत, पण गुठळी जाणार कधी?

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अठराव्या दिवशी बाथरूममधून आली ती दाराची चौकट धरून उभीच राहिली. धाप थांबेना, श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली कळ. आम्ही गॅसची गोळी दिली (आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते). त्या पायाची पोटरी टम्म झाली होती, पण सूज ऑपरेशनचीच असणार म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. रात्री ऑक्सिमीटर लावला तर ८८, नाडी १२४. मग धावलो.

ईसीजीत हार्ट अटॅक नव्हता. डी-डायमर (रक्तात गुठळीचा संशय दाखवणारी चाचणी) वाढलेला, पण ऑपरेशननंतर तो एरवीही वाढतो, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून डाय सोडून छातीचा सीटी केला. दोन्ही बाजूंना गुठळ्या! डॉपलरमध्ये (शिरांची सोनोग्राफी) पायातली मूळ गुठळीही सापडली. आधी पोटात हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं, नंतर त्याच कामाची गोळी, रिवारोक्साबॅन १५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. त्याचे २१ दिवस संपले, उद्यापासून २० ची एकच.

या गोळीने गुठळी विरघळत नाही म्हणे. मग विरघळवणारं इंजेक्शन का दिलं नाही? आणि जिन्यावर अजून दम लागतो, ते चालायचंच का?

प्रतिसाद १
गोळी गुठळी वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. असलेली हळूहळू शरीरच विरघळवतं, त्याला आठवडे-महिने लागतात. त्या इंजेक्शनने मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते मुख्यतः बीपी कोसळलेल्या पेशंटसाठी राखून ठेवतात. त्यात काकूंचं ऑपरेशन ताजं.

थोडा दम काही आठवडे राहतो. तीन महिन्यांनीही राहिला तर एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतील. ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर गोळी साधारण ३ महिने असते, पण मनाने बंद करू नका. २० ची गोळी भरल्या पोटीच द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. धाप अचानक वाढली, चक्कर आली, शौच काळी झाली तर थेट इमर्जन्सी. आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक वगैरे दुखणं थांबवणारी गोळी चालू नाही ना? रिवारोक्साबॅनसोबत ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

धागाकर्ती
बापरे. जुन्या चिठ्ठीवरून कालच आणलंय, एक गोळी दिलीही. पाकीट बाजूला काढलं, डॉक्टरांना आत्ताच फोन लावते.