शाळेत बॅले कंपनी येणार आहे: जागा कोणती द्यावी, मुलांची तयारी काय करून घ्यावी?

पालकसमिती_न्यूजर्सी
नमस्कार. दौऱ्यावरच्या एका बॅले कंपनीचा ४५ मिनिटांचा सप्रयोग कार्यक्रम आमच्या प्राथमिक शाळेत ठरलाय. सकाळी ६ नर्तक आणि एक निवेदक येतील, संध्याकाळी त्यांचा गावातल्या थिएटरात 'जिझेल'चा प्रयोग आहे. तिसरी ते पाचवीची २४० मुलं बसतील. जागा दोन आहेत: लाकडी जमिनीची जिम, नाहीतर कॅफेटेरिया, म्हणजे काँक्रीटवर टाइल. कंपनीच्या पत्रात फक्त 'सपाट, स्वच्छ जागा' एवढंच आहे. कोणती द्यावी? आणि मुलांना आधी काय सांगावं?

विंगेतला
कॅफेटेरिया नकोच. उडीवरून उतरतानाचा धक्का काँक्रीट शोषत नाही, तो घोट्यात आणि नडगीत बसतो. तिथे कार्यक्रम केलाच तर उड्या गाळाव्या लागतील, आणि मुलांना सगळ्यात जास्त त्याच बघायच्या असतात.

जिमच्या लाकडाखाली बहुधा लवचीक सांगाडा असतो, पण वरच्या पॉलिशवर पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे बूट) घसरतात. पकड यावी म्हणून राळ लावायला शाळा परवानगी देत नाही, कारण ती जमिनीला चिकटून राहते. म्हणून मार्ली (नाचासाठीचं व्हिनाइल) अंथरायचं. साधारण सव्वापाच फूट रुंदीच्या, ३० फूट लांबीच्या ४ पट्ट्या लावल्या की २१ बाय ३० फुटांची जागा होते. सहा जणांना तेवढी पुरते. कंपनीला हे मात्र स्पष्ट विचारा: त्यांची स्वतःची मार्ली त्या सकाळी थिएटरच्या स्टेजवर अंथरलेली असेल. मग शाळेसाठी दुसरी कोण आणणार?

पट्ट्या आदल्या संध्याकाळीच उलगडून ठेवा. थंड गाडीतून आलेल्या व्हिनाइलच्या कडा वर वळतात आणि पाय अडकतो. सांध्यांवर मार्लीचीच व्हिनाइल टेप वापरा. डक्ट टेप काढताना पॉलिशसकट निघते, मग मुख्याध्यापक पुढच्या वर्षी जिम देत नाहीत.

नाट्यवर्ग
मुलांना कथेपेक्षा आधी खुणा शिकवा. 'जिझेल' १८४१चं, पॅरिसचं. त्यात संवाद नाहीत, पण हातांची भाषा ठरलेली आहे. चेहऱ्याभोवती हात फिरवला की 'सुंदर', डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की 'नाच', अंगठीच्या बोटाकडे निर्देश केला की 'लग्न', दोन बोटं वर केली की 'शपथ', मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी खाली नेल्या की 'मरण'. वर्गात २० मिनिटं पुरतात. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली लगेच हस्तमुद्रा आठवून सांगतात, त्यांना सांगू द्या. भरतनाट्यमच्या अरमंडीत (अर्धी बैठक) आणि बॅलेच्या प्लीएमध्ये (गुडघे वाकवणं) गुडघे बाहेर वळतात ते साम्य दाखवा. मात्र अरमंडीत नर्तकी तशीच बसून राहते, प्लीएत खाली जाऊन पुन्हा वर येते.

निवेदकाला पहिल्या अंकातलाच भाग घ्यायला सांगा. दुसऱ्या अंकात लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं आहेत, तिसरीच्या मुलांपुढे ते तयारीशिवाय नको.

पालकसमिती_न्यूजर्सी
खूप उपयोग झाला! मुलांना प्रत्यक्ष करायला देता येईल का?

विंगेतला
सगळ्या २४० जणांना नाही. बसल्या जागी हातांच्या खुणा सगळे करू शकतात. पायांचं काम एका वेळी २५ ते ३० जणांनाच द्या. नुसत्या मोज्यांवर अजिबात नाही. अनवाणी नाहीतर स्नीकर्स. पण बाहेरचे बूट मार्लीवर नकोत, एक खडा अडकला तरी ती कापली जाते.

वापरून झालेला एक पॉइंट शू मागून घ्या आणि रांगेतून फिरवा. टोकाचा कडकपणा लाकडाचा नसतो. कापड, कागद आणि खळीचे थर असतात. मुलं हा प्रश्न विचारतातच.

नाट्यवर्ग
वेळेचं एक राहिलं. नर्तकांना आधी किमान तासभर शरीर गरम करायला लागतं, त्यामुळे कार्यक्रम १० ला असेल तर जिम ८:३० लाच मोकळी हवी आणि हीटर चालू हवा. पहिल्या तासाचा पीटीचा वर्ग आजच हलवून घ्या.