सीनाकाठी पूर ओसरला. बियाणं, कडबा आणि भूमिहीनांसाठी सल्ला हवा आहे

मंडळी, धागा घाईत काढतोय, कारण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कुणासाठी थांबत नाही.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून विसर्ग वाढत गेला, नदीपासून लांबच्या वस्त्यांतही पाणी शिरलं, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, हे बातम्यांत पाहिलंच असेल. उडीद, सोयाबीन हातचं गेलं. मदतीला माणसं कुठून कुठून धावून आली. तांदूळ, पीठ, तेल, चादरी सगळं मिळालं, त्या प्रत्येकाचे मनापासून आभार. आता गाड्या यायच्या थांबल्यात आणि नवी ज्वारी घरात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडणार. पेरलंच नाही, तर तेव्हाही काही येणार नाही.

गावची पुणे-पिंपरीत नोकरीला असलेली पोरं आणि आम्ही इथले काही जण, असं मिळून तीन लाखांच्या आसपास रक्कम जमलीय. ती किटमध्ये घालवायची नाही, एवढं ठरलंय. पुढचं तुमच्याशी बोलून ठरवायचं आहे.

सरकारी पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि नरेगातून ३ लाखांपर्यंत, रब्बीच्या बियाण्याला वगैरे हेक्टरी १०,००० असं जाहीर झालंय. ते मिळेल तेव्हा मिळेल, पण मिळणार सात-बाऱ्यावर नाव असणाऱ्याला. आमच्याकडे निम्मी शेती अर्धलीने, म्हणजे मालकाशी अर्ध्या वाट्याने, होते. बी, खत, मेहनत करणाऱ्याची आणि पंचनाम्यात नाव मालकाचं, जो कित्येकदा गावात राहतसुद्धा नाही. आणि ज्यांच्याकडे अर्धलीही नाही, त्या घरांची तर काढणी-मळणीची मजुरीच बुडाली. दिवाळी झाली की ते कोयता घेऊन कारखान्याकडे निघतील, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतील. आमचा पैसा आधी या दोन प्रकारच्या घरांना जावा असं मला ठामपणे वाटतं. पण यादी कशी करायची? ग्रामसभेत वाचून दाखवावी तर भांडणं, गुपचूप करावी तर संशय. पूर किंवा दुष्काळात हे काम केलेल्या कुणी कृपया सांगा. बचत गटाच्या बायकांकडून यादी करून घ्यावी असा माझा विचार आहे, कुणाची चूल बंद आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

आता बियाणं. ज्वारी एकरी चार किलो पुरते, म्हणजे बी हा खर्चाचा मोठा भाग नाहीच, ट्रॅक्टर आणि गाळ काढणं हा आहे. पण बी वेळेला हातात नसलं तर बाकी सगळं फुकट. आमच्या शेजारच्या मावशींच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं. कणगीतली ज्वारी कुजून आंबूस वास मारत होती, मुठीत घेतली तर दाणे बोटांना चिकटायचे, मोड आलेले. पण बियाण्यासाठी निवडलेली मालदांडीची कणसं त्यांनी आढ्याला टांगली होती, ती कोरडी राहिली. त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, तर ऐंशीच्या वर उगवले. ज्वारीला ७५ टक्के उगवण म्हणजे चांगलं बी. वस्तीवरच्या पाच-सहा घरांपुरतं तेवढ्यात भागलं. माझ्या मनात बियाणे बँकेचं आलं ते हे पाहूनच.

रब्बी ज्वारीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. आमची निम्मी रानं अजून पाय रुतवतायत. जाणकारांना विचारायचंय की यंदा ओल भरपूर आहे, तर गाळाच्या भारी रानात फुले वसुधा किंवा मालदांडी हे ज्वारीचे वाण ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतील, की सरळ हरभऱ्यावर जावं? आणि माती वाहून मुरूम उघडा पडलाय तिथे फुले अनुराधा ही ज्वारी हलक्या रानाची म्हणून टाकावी का, की यंदा ते रान पडीक ठेवून आधी बांध घालावेत? सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात किंवा मोहोळच्या केंद्रात कुणाची ओळख असेल तर एक दिवस शिवारफेरीला येतील का, हेही विचारून पाहा.

भुकेल्या घरात नुसतं बी दिलं तर ते चक्कीवर जातं. औषध चोळलेलं बी दळलं गेलं तर जीवावर बेतेल. म्हणून चार किलो बियाण्यासोबत महिन्याची खायची ज्वारीही द्यायची, असं आम्ही म्हणतोय. ज्यांना रान नाही त्यांना मेथी, पालक, कोथिंबिरीचं बी आणि चार गावरान कोंबड्या. पालेभाजी महिना-दीड महिन्यात ताटात येते.

हे बी फुकट वाटायचं नाही, सवाईने परत घ्यायचं: चार किलो नेलं, सुगीत पाच आणून दिलं. ते गावातच उंचावर, शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवायचं. म्हातारी माणसं अजून बहात्तरच्या दुष्काळात मिळालेल्या सुकडीची आणि मिलो ज्वारीची आठवण काढतात. शेजारच्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी कोठार उघडल्याची गोष्ट इथे पोराटोराला पाठ आहे. गावाचं स्वतःचं कोठार मात्र आज कुठेच नाही. अशी बियाणे किंवा धान्य बँक तुमच्याकडे चालली असेल तर सांगा: हिशेब कोण ठेवतं, पीक बुडालं त्या वर्षी परतफेडीचं काय करता, टोक्या किड्यापासून धान्य कसं वाचवता?

भर: खाली विचारलंय की सरळ रोख का देत नाही. ट्रॅक्टरच्या मशागतीसाठी रोखच देणार आहोत, ते बरोबर आहे. पण कडबा पैसे मोजूनही जवळपास मिळत नाहीये, सगळ्यांच्याच गंजी एकदम गेल्या. उरलेला काळा पडलाय, बुरशीचा वास येतो, तो घालू नका असं सांगावं लागतंय, आणि दावणीची जनावरं कवडीमोल भावाने बाजारात निघालीत. आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका टाकला तरी कापायला दोन महिने लागतील. सांगोला, मंगळवेढा, जत भागात कुणाकडे जुना कोरडा कडबा असेल, तर शेकडा पेंडीचा भाव आणि किती पेंड्या आहेत ते इथेच लिहा. वाहतूक आमची. पहिली गाडी दूध घालणाऱ्या विधवा बायांच्या दावणीला जाईल.