ऑनलाइन बहासा इंडोनेशिया शिकताय? तुमचे अनुभव लिहा

जकार्ताला बदली ठरली, म्हणून आठ महिन्यांपूर्वी घरबसल्या ही भाषा शिकायला घेतली. रोमन लिपी, क्रियापदाला काळ-लिंग-वचनाचं ओझं नाही. पहिला महिना अगदी सुखात गेला. मग 'म' उपसर्ग आला. 'तुलिस' म्हणजे लिहिणं. उपसर्ग लागला की त जाऊन 'मनुलिस'. 'सापु'चं 'मञापु'. छापील शब्दकोशात शोधायचं ते मुळाखाली, आणि मूळच ओळखता येईना! ॲपमध्ये नियम कुणी सांगत नाही, नुसती वाक्यं घोकायला लावतात. तुम्ही कसं निभावलंत?

ठाण्याहून
आमच्या वर्गात बाकी सगळे युरोपातले. 'कामी' आणि 'किता' यांतला फरक समजवायला बाईंनी पाऊण तास घेतला. मला लगेच कळलं: कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण! मराठीचा इतका अभिमान क्वचित वाटला असेल. वर्ग जकार्ताच्या सात वाजता, म्हणजे आपल्या साडेपाचला. ऑफिस सांभाळून गाठताना फार ओढाताण होते.

नाशिकहून
'सुआमी' नवरा, 'इस्त्री' बायको, 'कपाला' डोकं. संस्कृतची ओळख कामी येते, पण जपून. 'चिंता' म्हणजे प्रेम, 'सुका' म्हणजे आवडणं. ओळखीचा शब्द दिसला की मी आधी अर्थ तपासते.

पणजीहून
'जन्देला' म्हणजे खिडकी, आमचं जनेल! 'मेजा' म्हणजे टेबल. दोन्हीकडे पोर्तुगीजांची देणगी.

सुराबायाहून
इथे, इंडोनेशियात येऊन दीड वर्ष झालं. ऑनलाइन शिकवतात ती पुस्तकी भाषा, ती ऑफिसात चालते. 'नाही' म्हणायला बाजारात पुस्तकातलं 'तिदाक' चालत नाही, 'ङ्गाक' ऐकू येतं. 'सुदाह' म्हणजे झालं, त्याचं 'उदाह' होतं. 'आन्दा' म्हणजे तुम्ही असं शिकले होते, पण इथे पुरुषाला 'पाक', बाईला 'बु' म्हणायचं, आपण काका-मावशी म्हणतो तसं. त्यात घरोघरी जावानीज, म्हणजे जावा बेटावरची वेगळीच भाषा. म्हणून सांगते, सुरुवातीपासूनच आठवड्यातून एकदा तरी तिथल्या माणसाशी व्हिडिओवर गप्पा मारा. माझे कान तयार व्हायला तीन महिने लागले.

एक आठवण. दुचाकी टॅक्सीवाल्या काकांनी विचारलं, 'सुदाह मनिकाह?' लग्न झालं का? मी म्हटलं, 'तिदाक.' ते थोडा वेळ गप्प राहिले. उतरताना हळूच म्हणाले, असं म्हणू नये पोरी, 'बलुम' म्हणावं. बलुम म्हणजे अजून नाही.