डायल-इन मोडेम : कॅरिअर मिळतो, पण लॉगिन होत नाही

पाचोऱ्याहून जळगावच्या युनिक्स सर्व्हरला फोन लावल्यावर मोडेम (संगणकाला टेलिफोन लाइनीशी जोडणारे उपकरण) फोन उचलतो, कॅरिअरही (दोन मोडेम जोडले गेल्याचा लाइनीवरील संकेत) मिळतो, पण लॉगिनऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात आणि लॉगमध्ये गेट्टी (लॉगिन विचारणारा युनिक्समधील प्रोग्राम) पुन्हा पुन्हा सुरू झाल्याच्या नोंदी येतात, ही आपली अडचण वाचली. केबल बदलण्यापूर्वी मोडेमची मांडणी (सेटिंग) तपासावी, असे माझे मत आहे.

धुळ्यातील एका जिनिंग मिलमध्ये मला असाच अनुभव आला. मोडेमचा एको (आलेली अक्षरे जशीच्या तशी परत पाठवणे) चालू राहिल्यामुळे गेट्टीने पाठवलेला ‘लॉगिन’ हा शब्द तिच्याकडेच परत येई, आणि ते वापरकर्त्याचे नाव समजून ती पासवर्ड मागत बसे. हा संवाद रात्रभर चालला होता! त्यावर मोडेमला ‘ई०’ (एको बंद) आणि ‘क्यू१’ (मोडेमचे स्वतःचे संदेश बंद) या आज्ञा देणे हा उपाय आहे. पहिल्या घंटेला फोन उचलण्यासाठी ‘एस०=१’ द्यावे. ‘&सी१’ व ‘&डी२’ (अनुक्रमे कॅरिअरचा खरा संकेत सर्व्हरला कळवणे व सर्व्हरने सांगताच फोन ठेवणे) मात्र विसरू नयेत, कारण कॅरिअरचा खरा संकेत सर्व्हरला मिळाला नाही, तर लाइन मध्येच तुटल्यावर शेल (वापरकर्त्याच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम) उघडेच राहते आणि पुढचा फोन करणारा थेट आधीच्याच्या खात्यात शिरतो. शेवटी ‘&डब्ल्यू’ने हे सर्व जतन करावे.

निरर्थक अक्षरांचे कारण बहुधा वेगातील तफावत असते. पोर्टचा (सर्व्हर व मोडेम यांच्यातील जोडणीचा) वेग गेट्टीत व मोडेमवर सेकंदाला ३८४०० बिट असा एकच बांधून हार्डवेअर फ्लो कंट्रोल (केबलमधील संकेतांनी माहितीचा ओघ थांबवण्याची सोय) चालू ठेवावा.

५६ केची (सेकंदाला ५६ हजार बिट वेगाची) अपेक्षा मात्र सोडावी. दोन्ही टोकांना साध्या टेलिफोन लाइनी असल्यास ३३.६ केच्या वर जाता येत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तेवढेही मिळत नसे.