'चांगली माणसंसुद्धा नरकात', मयताच्या घरी हे सांगायची एवढी घाई?

केळीची बाग
काल ज्यांनी इथे ते दरी आणि पुलाचं चित्र टाकलं त्यांच्यासाठी लिहितोय. तिथेच खाली लिहिणार होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. चित्र सगळ्यांनी बघितलंय, एका कड्यावर माणूस, समोरच्या कड्यावर देव, मध्ये पापाची दरी आणि दरीवर आडवा टाकलेला क्रूस. इथपर्यंत ठीक, मी लहानपणापासून हे पत्रकांवर बघत आलोय. पण खाली जे लिहिलं होतं ना, की आमच्या गल्लीतल्या एक काकू मागच्या आठवड्यात गेल्या, अख्ख्या गल्लीला जेवू घालायच्या, पण प्रभूला स्वीकारलं नव्हतं, त्यामुळे 'दुःखाने म्हणावं लागतं, त्यांची सत्कर्मं देवापुढे मळक्या चिंध्या', ते वाचून डोकं फिरलं. कोणी विचारलं होतं हो तुम्हाला? काकूंच्या मुलाने वाचलं असेल तर?

माझी बायको हिंदू आहे. सासूबाई वारल्या तेव्हा तेराव्याला आमच्याच नात्यातल्या एक बाई आल्या होत्या, दर शनिवारी प्रार्थनासभेला जाणाऱ्या, आणि त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "आईला येशूची सुवार्ता सांगितली होतीस का गं?" बायकोने चहाचा ट्रे होता तिथेच ठेवला आणि आत निघून गेली. बारा वर्षं झाली, तो ट्रे अजून आमच्या घरात तिथेच आहे असं समजा.

आता मुद्द्याचं. तुमच्या चित्रात देव पलीकडे हाताची घडी घालून उभा आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पोराचा बाप तसा उभा होता का? तो लांबून पोराला बघून धावत सुटला, पोराने पाठ करून आणलेलं भाषणसुद्धा पुरतं ऐकून घेतलं नाही त्याने. आणि सुवार्ता कानावर न पडताही जो मनापासून देवाला शोधतो त्याला तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळू शकतं, हे आमच्या कॅथलिक चर्चने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय. काकूंचा निकाल तुमच्याकडे कधी आला?

नगरी चिवडा
जय ख्रिस्त. ते चित्र मीच टाकलं होतं. तुमच्या मिसेसबद्दल वाईट वाटलं, त्या बाईंनी वेळ बघायला हवी होती. पण वेळ चुकली म्हणून शिकवण चुकीची होत नाही. मळक्या चिंध्या हे माझे शब्द नाहीत, बायबलातला यशया ६४ उघडून बघा. आणि १९६४चं सांगताय तर १४४२चंही सांगा की, फ्लॉरेन्सच्या परिषदेत तुमच्याच चर्चने म्हटलं होतं की चर्चबाहेरच्या कुणालाच तारण नाही, यहुदी नाही का इतर कुणी नाही. पाचशे वर्षांनी तुम्ही फिरलात आणि आम्ही जिथे होतो तिथे आहोत तर कडवे आम्ही?

दुसरं म्हणजे तुम्हाला पापी शब्द शिवीसारखा लागतो. आमच्या घरात तो औषधासारखा आला. वडील कारखान्यात होते, पगार झाला की तिसऱ्या दिवशी संपलेला. आणि गाव काय म्हणायचं, माणूस सोन्यासारखा आहे हो, फक्त प्यायल्यावर तेवढा. पंधरा वर्षं हे सोन्यासारखा सोन्यासारखा ऐकून ऐकून वडील पीत राहिले. एका म्हाताऱ्या पाळकांनी पहिल्यांदा तोंडावर सांगितलं की तू चांगला वगैरे काही नाहीस, पापात बुडालेला आहेस, आणि तुझ्या बळावर तू निघणार नाहीस. वडील रडले. नंतर मला म्हणाले, इतकी वर्षं सगळे मला माझ्याच बळावर उठ उठ म्हणत होते रे, आणि माझ्यात ते बळच नव्हतं. इफिस २:८, 'कृपेनेच तुमचं तारण झालंय' ते वचन, आमच्या घरी भिंतीवर लावायला नाही, त्याच्यावर घर चाललं. त्यामुळे चांगुलपणाचं कौतुक मला सांगू नका.

कुंपणावरची
मी दोन्हीकडची नाही, गंमत बघायला आले होते पण एक विचारते. आज सकाळी जन्मलेल्या बाळाने काय केलं? ते पण दरीच्या अलीकडे का? आणि तो तारण शब्द बदला बाई कोणीतरी, वाचलं की मला सोनेतारण कर्जाची पाटीच दिसते, दरमहा व्याज आणि मुदतीत न सोडवल्यास लिलाव.

केळीची बाग
ताई, बाळाचा प्रश्न जुना आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन नावाच्या धर्मपंडिताने आदामाचा, म्हणजे पहिल्या माणसाचा, दोषच सगळ्यांच्या वाट्याला येतो असं मांडलं, आणि बायबलातलं रोमकर ५:१२ तो लॅटिनमधून वाचत होता, तिथे 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं' असा अर्थ निघतो. मूळ ग्रीकमध्ये 'कारण सर्वांनी पाप केलं' असं आहे. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी म्हणूनच म्हणतात की आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आला, गुन्हा नाही आला. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी आमच्याकडे लिंबो सांगायचे, स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत अशी जागा, तो कधीच पक्का सिद्धान्त नव्हता, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. माझ्या आजीचं एक मूल असंच गेलं होतं, तिला हे कळायला हवं होतं, ती १९८८लाच गेली.

शब्दखवीस
तारणवर हसणाऱ्यांनी जरा थांबा. तारणे म्हणजे पार नेणे, बुडू न देणे, त्यावरून तारण. गहाण वस्तूलाही तारण म्हणतात कारण सावकाराचं बुडू नये म्हणून ती असते. एकच धातू. खरी मजा पुढे आहे. मार्क १०:४५ मराठीत काढा. येशू पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव काय म्हणून देतो? 'खंडणी' म्हणून. आता आजच्या मराठीत खंडणी म्हटलं की पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं. ज्यांनी भाषांतर केलं त्यांच्या काळी तो शब्द चालत होता, आता देव गुंडाला हप्ता देतोय असं वाटतं.

कुंपणावरची
मेले हसून. पण मग खंडणी दिली कोणाला?

शब्दखवीस
हाच तो प्रश्न! तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाचा ख्रिस्ती पंडित म्हणाला सैतानाला दिली, माणूस त्याच्या ताब्यात होता ना. ते पुष्कळांना पटेना, देव सैतानाचं देणं का लागेल? मग अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म नावाचा दुसरा पंडित म्हणाला की सैतानाचा संबंधच नाही, पापाने देवाची बेअदबी झाली, त्या मानाची भरपाई माणसाने करायची पण त्याची ऐपत नाही, म्हणून देवच माणूस झाला. सरंजामशाहीतला माणूस तो, त्याला मानपानच सुचणार. पुढे सुधारणावाद्यांनी, म्हणजे ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट पंथ निघाले त्यांनी, मानाच्या जागी शिक्षा आणली, कोर्टातल्यासारखी. चिवडासाहेबांच्या चित्रातला पूल या तिसऱ्या दुकानातला आहे.

नगरी चिवडा
दुकान म्हणू नका. आणि यशया ५३ सुधारणावाद्यांनी लिहिला का? 'आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला' हे त्यांच्या दोन हजार वर्षं आधीचं आहे.

शब्दखवीस
ते मान्य. पण घायाळ झाला म्हणजे कोणी कोणाला पैसे मोजले हे कुठे लिहिलंय?

मागच्या बाकावरचा
वा. तासभर झाला खंडणी, लॅटिन, ग्रीक. आमच्या आजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना लॅटिन ठाऊक नव्हतं. तुमच्या चित्रात दरी माणूस आणि देवात आहे. आजोबांना जी दरी माहीत होती ती गाव आणि महारवाडा यांच्यातली होती, आणि ती खणणारे पापी कोण ते ना त्या पाळकाने सांगितलं ना तुमच्या पत्रकात असतं. त्यांना सांगितलं तू पापी आहेस. म्हणजे ज्याच्या सावलीचा विटाळ तोच पापी! आणि मंडळीत आल्यावर तरी काय, माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी एका ख्रिस्ती घरात 'मूळचे कोण' यावरून मोडली, साल २००३, दोन्हीकडे भिंतीवर तोच क्रूस. वरून सरकार म्हणतं ख्रिस्ती झालात म्हणजे जात गेली, १९५०च्या आदेशात आम्ही अनुसूचित जातीत नाही, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले, आम्ही अजून बाहेर. सोयरीक करताना जात आहे, सवलत मागताना नाही. याचं तारण कोण करतं ते सांगा मग आपण काकूंच्या नरकाचं बोलू.

नगरी चिवडा
भाऊ दरवेळी जात मध्ये आणायलाच हवी का? धागा पापावर आहे.

मागच्या बाकावरचा
जात पाप नाही का? मग तुमची पापाची यादी द्या, दारू, सिनेमा, तंबाखू एवढीच आहे का? तुमच्या वडिलांना पापी म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं, चांगलं झालं. माझ्या आजोबांना जन्मापासून सगळं गाव तेच म्हणत होतं. एकच शब्द दोन्ही घरांत औषध कसा होईल?

नगरी चिवडा
तुम्हाला मी कोण वाटलो? आम्ही पण कुठल्या बाकावरचे आहोत ते मी लिहिलेलं नाही. विचार करा आणि बोला.

मागच्या बाकावरचा
असं असेल तर जास्तच वाईट वाटलं. पण प्रश्न तोच राहतो.

केळीची बाग
दोघेही जरा दमाने घ्या.

मुक्तीची नात (नावावरून वाद नको, आमच्या आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या)
पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर स्वतःच लिहिलं की धर्म तेव्हा मिळाला पण ख्रिस्त आठ वर्षांनी सापडला. म्हणजे बाईला वेद येत, पुराणं येत, बायबल वाचून झालेलं, विधवांसाठी काम सुरू झालेलं, तरी आत रिकामंच होतं. सत्कर्मं कमी पडतात हे इतक्या मोठ्या बाईने स्वतःबद्दल सांगितलंय. आणि शब्दखवीस, त्या साध्या बायकांना कळेल असं मराठी हवं म्हणून हिब्रू ग्रीक शिकून त्यांनी आख्खं बायबल एकटीने भाषांतरित केलं, १९२२ला जाताजाता पुरं केलं.

केळीची बाग
म्हणजे आमचा महिन्याच्या बाळपणी झालेला बाप्तिस्मा फुकट, आठ वर्षांनी रडू आलं तरच खरा, असंच ना? हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. तारखा विचारतात लोक, तुमचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला. माझी आजी रोज पहाटे अंधारात कंदील घेऊन मिस्साला जायची, तिला तारीख विचारली असती तर कंदील फेकून मारला असता. आणि तुमच्या माहितीसाठी, कृपेनेच तारण मिळतं, कर्मांच्या बळावर नाही, यावर लुथरन आणि कॅथलिक १९९९ साली एकत्र सही करून मोकळे झालेत. भांडण आपलंच शिल्लक आहे.

मुक्तीची नात
मी फुकट म्हटलंच नव्हतं. तुम्ही ऐकायचं ते ऐकलंत.

वारीला जाणारा
मध्ये बोलतो, चुकलं तर माफ करा. आमच्याकडेही पतित आहे, पतितपावन आहे. तुकोबा म्हणतात 'पापाची वासना नको दावू डोळां, त्याहूनि आंधळा बराच मी'. रेव्हरंड टिळक तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे तुमच्या दरीवर आमचाही एक पूल आहे हे तुमच्याच माणसाने सांगितलंय. पण एक बघा, तुकोबा पतित म्हणतात ते स्वतःला. रमाबाईंचंही वर आलंय, त्यांनी स्वतःबद्दलच लिहिलं. चिवडासाहेबांचे वडीलही स्वतःसाठीच रडले. शेजारच्या काकू पतित होत्या असा अभंग मी तरी ऐकलेला नाही.

कुंपणावरची
काका 👌

नगरी चिवडा
वारीवाले काका, बोललात ते लागलं. पाळकांनी वडिलांना तोंडावर सांगितलं, पण ते रात्र रात्र त्यांच्याजवळ बसून, हे मी लिहायचं विसरलो. काकूंचा उल्लेख काढलाय, चित्र ठेवलंय. शिकवण मी बदलत नाही, काकूंचं काय झालं ते प्रभू जाणे, आणि हो केळीवाले, 'प्रभू जाणे' म्हणजे तुमचा १९६४ मान्य केला असं नाही, लगेच सही करायला धावू नका.

आणि कुंपणावरच्या ताई, तुम्ही सोनेतारणावर हसलात. आईचं मंगळसूत्र वडिलांनी दोनदा तारण ठेवलं होतं. पहिल्यांदा मामाने सोडवलं. दुसऱ्यांदा कोणी सोडवलं नाही, गेलं. त्यामुळे कोणी दुसऱ्याने पैसे भरून सोडवणं म्हणजे काय हे आम्हाला लॅटिन न शिकता कळतं.

कुंपणावरची
सॉरी. खरंच माहीत नव्हतं.

शब्दखवीस
हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. फक्त मामाने पैसे सोनाराला दिले होते. इथे सोनार कोण ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

मागच्या बाकावरचा
तुमचं चालू द्या. मी पण प्रश्न विचारला होता, तो कोणी घेतलेला नाही हे नोंदवून ठेवतो.

केळीची बाग
मागच्या बाकावरचे दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही सोयरीक करताना काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे, कॅथलिक म्हणून फार छाती फुगवण्यासारखं काही नाही. चिवडासाहेब, काकूंचं काढलंत त्याबद्दल आभार, वडिलांचं आधीच लिहिलं असतंत तर मी एवढा चढलो नसतो. थोडा चढलो असतो.

बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणते, त्या नात्यातल्या बाईंना हा धागा पाठवू नका, रविवारी जेवायला येणार आहेत.