सख्ख्या आतेभावाशी लग्न, मुलीला ऐकू येत नाही, दुसऱ्या बाळाचं काय?

चिऊची_आई: माझं लग्न सख्ख्या आतेभावाशी झालंय. मुलगी दीड वर्षाची आहे, हाक मारली तरी वळायची नाही म्हणून बेरा टेस्ट (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजून ऐकू येतं का ते बघतात) केली तर दोन्ही कानांत सिव्हिअर लॉस निघाला. दुसऱ्या बाळाचा विचार आहे पण डॉक्टर म्हणतात आधी जेनेटिक टेस्ट करा. सासूबाई म्हणजे माझी आत्याच, ती म्हणते आपल्यात सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही मग हे आनुवंशिक कसं? आम्हा दोघांनाही नीट ऐकू येतं. रात्र रात्र झोप लागत नाही.

ऑडिओ_ताई: मी ऑडिओलॉजिस्ट आहे. घरात आधी कुणी नसणं हेच जास्त दिसतं गं. जन्मजात आनुवंशिक बहिरेपण बहुतेक वेळा रिसेसिव्ह असतं, म्हणजे जीनची एक कॉपी बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, कुणाला पत्ताही लागत नाही. तुमच्या आजी किंवा आजोबांकडून तीच कॉपी तुझ्या बाबांकडे आणि आत्याकडे आली असेल, तिथून तुम्हा दोघांत, आणि चिऊला दोन्हीकडून मिळाली. तुम्हा आते-मामे भावंडांचे साधारण १/८ जीन सारखे असतात म्हणून शक्यता वाढते, नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या मुलांनाही होतं पण कमी. टेस्ट आधी चिऊची करा, तिच्यात बिघाड सापडला तरच पुढच्या वेळी नेमका तोच शोधता येतो. बऱ्याच ठिकाणी जीजेबी२ नावाचा जीन आधी बघतात. आणि ईसीजी काढून घ्या, एका दुर्मिळ प्रकारात हृदयाच्या ठोक्यांचाही त्रास असतो.

दोघांचा_बाबा: आमची पण हीच केस. मुलाच्या वेळी सगळे म्हणाले चारातला एक झाला, आता पुढची तीन नीट होतील. तसं नसतं हो, बाळाला दोन्हीकडून बिघडलेली कॉपी मिळायची शक्यता दर वेळी २५ टक्के नव्याने, काउन्सेलरने कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला पटलं. मुलीच्या वेळी गरोदरपणात ११-१२ आठवड्यांत टेस्ट होते असं सांगितलेलं, आम्ही नाही केली पण जन्मल्यावर दोन दिवसांत ओएई (बाळाच्या कानाची तपासणी) केली. आणि कानाचं मशीन लगेच लावा, जेनेटिक रिपोर्टसाठी थांबू नका, आम्ही थांबलो आणि दोन महिने फुकट गेले, अजून वाईट वाटतं.

चिऊची_आई: थँक्यू. आत्याला वाचून दाखवलं, म्हणाली म्हणजे माझ्याकडूनच आलं का, आणि रडायलाच लागली.

ऑडिओ_ताई: तिला सांग, एकटीकडून येऊन हे होतच नाही, तुझ्या बाबांकडूनही तेवढंच आलंय, आणि दोघांनाही ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. मशीनचं माप कधी देताय?